प्रकरण गाजल्यानंतर फाइल कोणाकडे असते?

बनावट मुद्रांकांचा घोटाळा करणारा अब्दुल करीम तेलगी हा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा, त्यामुळे सार्वजनिक घोटाळ्यांमुळे समाजाला आपले दोष दिसतात का आणि ते दुरुस्त होतात का, हा प्रश्न आमच्या सीमाभागात निघाला की पहिले उदाहरण त्याचेच दिले जाते. घोटाळ्यांचा उपयोग होतो असे मानणाऱ्यांना त्यात आधार सापडतो आणि घोटाळे येतात-जातात, काही बदलत नाही, असे म्हणणाऱ्यांनाही सापडतो. माझ्या मते दोघेही अर्धेच पाहतात. घोटाळा उघड होण्याने समाजाचे लक्ष काही आठवड्यांपुरते एका जागी येते, एवढेच काम तो करू शकतो. दुरुस्ती होणार की नाही, हे ठरते ते लक्ष उडाल्यानंतर त्या विषयाची फाइल कोणाच्या हातात राहते त्यावर.

तेलगीच्या प्रकरणात दुरुस्ती झाली, हे मान्य केले पाहिजे. 1994 मध्ये त्याला मुद्रांक विक्रीचा परवाना मिळाला. नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयातून भंगार म्हणून निघालेली यंत्रे त्याच्या हाती लागली आणि आतल्या लोकांच्या संगनमताने बनावट मुद्रांक घाऊक भावाने बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या आस्थापनांना विकले गेले. त्याच्यावरचे फसवणुकीचे गुन्हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून नोंदले जात होते, पण त्यांकडे एकेकटे किरकोळ गुन्हे म्हणून पाहिले गेले. 2000 मध्ये बेंगळुरूत बनावट मुद्रांकांची वाहतूक पकडली गेली, नोव्हेंबर 2001 मध्ये अजमेरला तेलगीला अटक झाली, 2004 मध्ये तपास सीबीआयकडे गेला, त्याला तीस वर्षांची सक्तमजुरी झाली आणि ऑक्टोबर 2017 मध्ये बंदिवासात असतानाच बेंगळुरूच्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. या सगळ्या गदारोळातून ई-स्टॅम्पिंगची पद्धत आली. आज बेळगावात किंवा खानापुरात भाडेकरार करायचा असेल तर ई-स्टॅम्प मिळतो, त्यावर स्वतंत्र क्रमांक असतो आणि तो क्रमांक संगणकावर टाकून कागद खरा की खोटा हे कोणालाही ताडता येते.

परंतु ही दुरुस्ती इतकी नीट का झाली, याचा विचार केला तर फार हुरळून जाण्याचे कारण उरत नाही. नुकसान सरकारच्या तिजोरीचे होते, म्हणून सरकारला घाई होती. उपाय यंत्राचा होता, त्यासाठी कोणाला आपली वागणूक बदलावी लागणार नव्हती. काम सोपवायला स्टॉक होल्डिंग कॉर्पोरेशनसारखी संस्था उपलब्ध होती आणि त्या संस्थेला त्या कामातून उत्पन्न मिळणार होते. म्हणजे प्रकरणाचा गलबला थांबल्यानंतरही ती फाइल रोज उघडण्यात कोणाचा तरी व्यवहार गुंतलेला होता. ज्या संगनमतामुळे मुद्रणालयाची यंत्रे बाहेर गेली आणि पोलिस खात्याने वर्षानुवर्षे काणाडोळा केला, त्या संगनमतावर मात्र ई-स्टॅम्प हा उपाय नव्हता, आणि त्या भागाची फाइल कोणी जपली असे दिसत नाही.

बळ्ळारीच्या लोहखनिजाचे प्रकरण याहून बोधप्रद आहे, आणि ते धारवाडमुळे आपल्या शेजारचे आहे. लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी बेकायदा खाणकामावरचा पहिला अहवाल डिसेंबर 2008 मध्येच दिला होता. तो आला आणि बाजूला पडला. जुलै 2011 मधल्या दुसऱ्या अहवालाने मात्र राज्य हादरले, त्याच महिन्याच्या अखेरीस मुख्यमंत्री बी. एस. येडियुराप्पा यांना राजीनामा द्यावा लागला, आणि देशभरच्या वृत्तपत्रांनी कर्नाटकाच्या राजकारणावर रकाने भरले. खरी दुरुस्ती मात्र राजीनाम्याने झाली नाही. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदाय या संस्थेने, एस. आर. हिरेमठ यांच्या पुढाकाराने, 2009 मध्येच सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केलेली होती. या संस्थेचे लोक ऐंशीच्या दशकापासून हरिहरच्या कारखान्याचे प्रदूषण आणि कुसनूरच्या गायरान जमिनी अशा प्रश्नांवर कागद जमवण्याची सवय लागलेले होते. प्रकरण पेटले तेव्हा त्यांच्याकडे नकाशे, सातबाऱ्याच्या तोडीचे उतारे, परवान्यांच्या प्रती तयार होत्या. न्यायालयाने खाणकाम थांबवले, केंद्रीय सक्षम समितीमार्फत प्रत्येक खाणीची सीमा मोजून घेतली, खाणींची तीन गटांत विभागणी केली, सर्वाधिक उल्लंघन करणाऱ्या गटातील परवाने 2013 मध्ये रद्द केले आणि वर्षाला किती खनिज काढायचे याची मर्यादा घालून दिली. पुढे 2016 मध्ये विशेष न्यायालयाने येडियुराप्पा यांना संबंधित खटल्यातून निर्दोष सोडले. तरी खाणींवरची ती शिस्त त्यामुळे सैल झाली नाही, कारण ती कोणा एका माणसाच्या शिक्षेवर अवलंबून ठेवलेलीच नव्हती.

या प्रकरणाचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. ज्या लोकायुक्त संस्थेने हा घोटाळा बाहेर काढला, तीच काही वर्षांत स्वतः घोटाळ्यात सापडली. लोकायुक्तांच्या मुलावरच खंडणीचे आरोप झाले आणि 2015 च्या अखेरीस लोकायुक्तांना पायउतार व्हावे लागले. त्या संतापाच्या भरात संस्था बळकट करण्याऐवजी 2016 मध्ये सरकारने वेगळे भ्रष्टाचारविरोधी पथक स्थापन केले, जे सरकारच्याच अधिपत्याखाली होते, आणि लोकायुक्तांचे पोलिसी अधिकार काढून घेतले. उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2022 मध्ये ते पथक रद्द करेपर्यंत सहा वर्षे गेली. लोकांच्या संतापाचा उपयोग दुरुस्तीसाठी होतो तसाच दुरुस्त करणाऱ्याचे हात बांधण्यासाठीही होतो, ही गोष्ट घोटाळ्यांचे गुणगान करणाऱ्यांनी विसरू नये.

आता आपल्या अगदी दारातले उदाहरण. हिंडलगा गावात 2021 मध्ये लक्ष्मी यात्रेच्या आधी रस्त्यांची व गटारांची शंभरावर कामे झाली, सुमारे चार कोटी रुपयांची, आणि ती कार्यादेश हातात नसताना झाली. बिल मिळेना. कंत्राटदाराने तेव्हाच्या ग्रामविकास मंत्र्यांवर चाळीस टक्के कमिशन मागितल्याचा आरोप केला आणि एप्रिल 2022 मध्ये उडुपीच्या एका लॉजमध्ये त्याचा मृत्यू झाला. मंत्र्यांनी राजीनामा दिला, पोलिसांनी काही महिन्यांतच पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात दिला, आणि ‘चाळीस टक्के’ हे शब्द 2023 च्या विधानसभा निवडणुकीत गावोगावच्या भिंतींवर गेले. आरोप खरा होता की खोटा, यावर मी निवाडा देत नाही. तो माझा अधिकार नाही. पण या सगळ्या काळात एक साधा प्रश्न कोणी लावून धरला नाही. तोंडी सांगण्यावरून, कार्यादेशाशिवाय, यात्रेच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर कामे सुरू करण्याची जी रीत आहे, ती कशी थांबवायची? कमिशन मागण्याची ताकद तिथूनच येते. काम करून बसलेल्या माणसाचा पैसा अडकलेला असतो आणि त्याच्या हातात कागद नसतो. त्यानंतर त्याच्याकडे कोणी काहीही मागू शकते. ग्रामपंचायतीच्या फलकावर प्रत्येक कामाचा कार्यादेश क्रमांक आणि तारीख लिहिल्याशिवाय खडीचा ट्रॅक्टर गावात येणार नाही, एवढा नियम पाळला गेला असता तरी त्या मृत्यूतून काही निष्पन्न झाले असते. चर्चा झाली ती मंत्र्यांच्या खुर्चीची. नंतर चौकशी आयोगही नेमला गेला, पण तोवर प्रश्न कोणत्या पक्षाने जास्त खाल्ले असा झालेला होता.

घोटाळ्याला चेहरा लागतो, ही त्याची सर्वांत मोठी मर्यादा आहे. चेहरा सापडला की लोकांना राग धरता येतो, आणि राग धरायला माणूस मिळाला की रीत सुटून जाते.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारे उदाहरण मात्र पैशाचे नाही. मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका महिलेचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला आणि त्यानंतर ओढ्याकाठी पुरलेले 19 भ्रूण सापडले. म्हैसाळ आणि कागवाड यांच्यात काही किलोमीटरचे अंतर, मध्ये फक्त राज्याची हद्द. तपासात असे समोर आले की गर्भलिंग तपासणीसाठी बायकांना कर्नाटकात आणले जाई, आणि गर्भपात म्हैसाळला होई. कागवाड आणि विजापूरच्या डॉक्टरांपर्यंत अटकेचे हात पोहोचले. महाराष्ट्रात विधिमंडळापासून गावच्या पारापर्यंत हे प्रकरण गाजले. जून 2022 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील मुडलगी येथे पुलाखालच्या नाल्यात बरण्यांत भरलेले सात भ्रूण सापडले आणि तो गदारोळ कर्नाटकात झाला. मे 2024 मध्ये बागलकोट जिल्ह्यातील महालिंगपूरला बेकायदा गर्भपातात एका महिलेचा जीव गेला. ती कोल्हापूर जिल्ह्यातली होती आणि तिचा मृतदेह मोटारीतून सांगलीत आणला गेला तेव्हा प्रकरण उघड झाले.

ही तीन प्रकरणे सलग मांडून पाहावीत. 2017 मध्ये तपासणी कर्नाटकात आणि गर्भपात महाराष्ट्रात होता. 2024 मध्ये गर्भपातासाठी महाराष्ट्रातून कर्नाटकात जावे लागले. जिथे गदारोळ झाला तिथे काही काळ धाक बसला, तपासण्या वाढल्या, केंद्रांना टाळे लागले, आणि धंदा एका एसटीच्या अंतरावर सरकला. गर्भलिंग निदानाला बंदी करणारा कायदा 1994 चा आहे आणि तो दोन्ही राज्यांना सारखाच लागू आहे. पण त्याची अंमलबजावणी जिल्हा समुचित प्राधिकाऱ्याकडे असते, आणि त्या प्राधिकाऱ्याचे कागद जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतात. सोनोग्राफी केंद्राने प्रत्येक गर्भवतीचा ‘फॉर्म एफ’ भरायचा असतो, त्यात तिचा पत्ता असतो. कागवाडच्या केंद्रात मिरज तालुक्यातील पत्ते किती येतात आणि त्या बायकांच्या पुढे प्रसूतीच्या नोंदी होतात की नाही, हे ताडून पाहणे अवघड नाही. परंतु त्यासाठी एका जिल्ह्याचे कागद दुसऱ्या जिल्ह्याच्या, तेही दुसऱ्या राज्यातल्या, टेबलावर गेले पाहिजेत. एकदा प्रकरण फुटले की दोन्हीकडचे पोलिस पुरेसे सहकार्य करतात. प्रकरण फुटण्याआधीच्या कंटाळवाण्या वर्षांत मात्र हे सहकार्य दिसत नाही, आणि मुली त्याच वर्षांत नाहीशा होतात.

याच प्रश्नावर कोल्हापूरने उलटे उदाहरण घालून दिलेले आहे. तिथे डोळे उघडले ते कोणत्या प्रकरणाने नव्हे, 2001 च्या जनगणनेने. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे 839 मुली हा आकडा समोर आला. त्या आकड्यात आरोपी नव्हता, छायाचित्र नव्हते, वृत्तवाहिन्यांना दाखवण्यासारखे काही नव्हते. तरी पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला. त्या प्रयोगाच्या परिणामकारकतेवर वाद झाले, डॉक्टरांचा विरोधही झाला. पण प्रशासनाने एक आकडा हातात धरून, कोणी मरण्याची वाट न पाहता, रीतीवर बोट ठेवले होते.

बेळगाव जिल्ह्यातील घटप्रभेचे, देवदासी प्रथेविरुद्धचे काम याहून जुने आणि शांत आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल बंद करण्यासाठी मुंबई प्रांताने 1934 मध्ये कायदा केला होता आणि बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतातच होते. कर्नाटकाने 1982 मध्ये पुन्हा कायदा केला. दोन कायद्यांच्या मध्ये जवळपास अर्धे शतक, आणि त्या काळात या विषयावर सनसनाटी मजकूर काही कमी छापला गेला नाही. बाहेरगावचे छायाचित्रकार माघी पौर्णिमेला डोंगरावर येत राहिले. बदल घडवला तो निपाणी-गडहिंग्लजच्या बाजूला परिषदा भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी, आणि नव्वदच्या दशकापासून घटप्रभा येथे ‘मास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत एकत्र आलेल्या देवदासी बायकांनी स्वतः. कोणत्या घरात जट आलेली मुलगी आहे, कोणत्या घरात मुलगा नाही म्हणून थोरलीला सोडायचे बोलणे चालू आहे, हे त्यांना माहीत असे, कारण त्या त्याच गल्लीत राहत. त्या जाऊन बसत, समजावत, नाही ऐकले तर पोलिसांत जात. ही फाइल कागदाची नव्हती, तरी ती रोज उघडली जात होती.

यावर कोणी म्हणेल की मग घोटाळे उघड होऊच नयेत काय? असे म्हणणे माझ्या मनातही नाही. डिसेंबर 2023 मध्ये बेळगाव तालुक्यातील होसा वंटमुरी गावात मुलगा मुलीला घेऊन पळाला म्हणून त्याच्या आईची विटंबना करून तिला खांबाला बांधले गेले. तेव्हा बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन चालू होते. ही बातमी दाबली गेली असती तर तो दुसरा अपराध ठरला असता. बातमी झाली म्हणून उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. निपाणीत जन्मलेले न्यायमूर्ती प्रसन्न वराळे तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते. गर्दी होती आणि मध्ये पडणारे जवळपास कोणी नव्हते, हे न्यायालयाने परखडपणे मांडले आणि बघ्यांवर सामूहिक दंड बसवण्याचा विचारही बोलून दाखवला. गुन्हेगारांच्या पलीकडे जाऊन बघ्यांना जाब विचारणारा तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. पण त्याच न्यायालयाला आणखी एक आदेश द्यावा लागला, तो म्हणजे पीडितेला भेटायला येणाऱ्या पक्षांच्या शिष्टमंडळांना आवरण्याचा. सहानुभूतीचीच गर्दी इतकी झाली की रुग्णालयात असलेल्या त्या बाईला त्या गर्दीपासून संरक्षण द्यावे लागले. तिच्या गावातल्या बघ्यांचे पुढे काय झाले, त्या गावात पुन्हा असे घडू नये म्हणून ग्रामसभेत कोणता ठराव झाला, हे विचारायला त्या शिष्टमंडळांपैकी कोणी परत गेल्याचे ऐकिवात नाही.

आता आपल्या, म्हणजे सीमाभागातील मराठी लोकांच्या वाट्याचे बोलले पाहिजे. आम्हाला घोटाळे मराठीत कळतात आणि त्यांचे निकाल कन्नडमध्ये लागतात. प्रकरण फुटते तेव्हा बेळगावची मराठी वृत्तपत्रे त्याला पहिल्या पानावर जागा देतात, पुण्या-मुंबईच्या वाहिन्याही एखादा दिवस दाखवतात. पुढे चौकशी अहवाल येतो तो कन्नडमध्ये, शासन निर्णय कन्नडमध्ये, माहिती अधिकाराचे उत्तरही कन्नडमध्ये. माहिती अधिकाराच्या अर्जाला कर्नाटकात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, आणि ते 150 शब्द आपल्यातल्या अनेकांना दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागतात. म्हणजे संतापाचा भाग आपल्या भाषेत आणि पाठपुराव्याचा भाग दुसऱ्या भाषेत, अशी आमची विभागणी झालेली आहे. घटनेच्या कलम 350 नुसार आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि भाषिक अल्पसंख्याकांना महत्त्वाची परिपत्रके त्यांच्या भाषेत मिळावीत हे तत्त्व 1956 पासून मान्य झालेले आहे. मराठी परिपत्रकांसाठी इथे मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या. या मागणीकडे अस्मितेची मागणी म्हणून पाहिले जाते, आणि आपणही ती बहुधा तशीच मांडतो. मला ती कारभारावर नजर ठेवण्याच्या अधिकाराची मागणी वाटते, आणि ती तशी मांडली तर शेजारचा कन्नड शेतकरीसुद्धा तिच्याशी सहमत होईल, कारण सरकारी अहवालाची भाषा त्यालाही तितकीच दुर्बोध असते.

पण जे सरकारकडून मिळायचे ते मिळेपर्यंत आपण काय करतो? आपल्यातले कन्नड उत्तम जाणणारे तरुण आज प्रत्येक गावात आहेत. शाळेत कन्नड शिकून आलेली ही तिसरी पिढी. हिंडलग्याच्या कामांचे पुढे काय झाले, आयोगाने काय म्हटले, मुडलगीच्या खटल्याची तारीख कधी आहे, यावर मराठीत चार पाने लिहिणे त्यांना सहज शक्य आहे. तसे होत नाही, याचे कारण भाषा नाही. आपल्यातल्या एखाद्या पुढाऱ्यावर किंवा नगरसेवकावर आरोप झाला की तो मराठी माणसावरचा अन्याय ठरवला जातो, आणि समोरच्या बाजूच्या माणसावर झाला की तो त्यांच्या साऱ्या कारभाराचा पुरावा ठरतो. दोन्ही वेळी मूळ प्रश्न आपल्या हातून निसटतो. सत्तर वर्षांच्या लढ्यात एक समाज म्हणून एकत्र राहणे आपल्याला आवश्यक वाटले, ते मी समजू शकतो. परंतु पतसंस्थेत बुडालेली विधवेची ठेव मराठी संचालकाने बुडवली की कन्नड, याने तिच्या औषधाच्या खर्चात फरक पडत नाही. 2017 मध्ये बेळगावातील एका मोठ्या पतसंस्थेत ठेवी अडकल्या तेव्हा दोन्ही भाषांचे ठेवीदार एकाच दारासमोर बसले होते. ठेवीदारांच्या संरक्षणाचा कर्नाटकाचा कायदा 2004 पासून होता. तो त्या दिवसापर्यंत त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी समजावून सांगितलेला नव्हता.

म्हणून माझी मागणी एका विषयापुरती ठेवतो. 2019 च्या महापुरानंतर अलमट्टीचा विसर्ग, कोयनेचे पाणी, राजापूर बंधाऱ्याची पातळी यांवर कोल्हापूर, सांगली आणि बेळगावचे अधिकारी पावसाळ्यात एकमेकांशी बोलतात. पाण्याला हद्द कळत नाही हे दोन्ही सरकारांनी मान्य केलेले आहे. तशीच नियमित बैठक या तीन जिल्ह्यांच्या आणि विजापूर, बागलकोटच्या समुचित प्राधिकाऱ्यांची व्हावी. निलंबित केलेली सोनोग्राफी केंद्रे, शिक्षा झालेले किंवा खटला चालू असलेले डॉक्टर आणि दलाल, विकली गेलेली यंत्रे यांच्या याद्या तिथे अदलाबदल व्हाव्यात, दुसऱ्या राज्याचा पत्ता असलेले ‘फॉर्म एफ’ त्या त्या तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे दरमहा जावेत, आणि बैठकीचे इतिवृत्त मराठी व कन्नड दोन्ही भाषांत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लागावे. ही मागणी घेऊन सीमेच्या दोन्ही बाजूंच्या महिला संघटनांनी आणि डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र जाण्यासाठी चौथ्या प्रकरणाची बातमी येण्याची गरज नाही. अर्ज आजही करता येतो.